कॅनवरची रेघ

टाकीत पहिली गोगलगाय मेली तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. नवरा, मी आणि सासरे. त्या पाण्याला रोज हात लागत होता तो एकाचाच, सासऱ्यांचा.

हे मी तेव्हाही मनात याच क्रमाने मांडलं होतं. नगरच्या एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या की घरातल्या गोष्टीही तशाच दिसायला लागतात. काय झालं, कुठे झालं, तिथे कोण होतं. का झालं, हे शेवटी.

टाकी माझी होती. दैनिकाने नगरचं डेस्क बंद केलं, पानं पुण्यात लागायला लागली आणि मला घरून काम करायची मुभा मिळाली. दुपारी लॅपटॉप उघडायचा, शेवटचं पान गेलं की मिटायचा. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबलासमोर भिंत होती. पुण्यात एका दातांच्या दवाखान्यात मी समुद्राच्या पाण्याची छोटी टाकी पाहिली होती. त्यात मासे थोडे आणि दगड जास्त होते, आणि दगडावर काहीतरी उघडमीट करत होतं. माझा नंबर पुकारला तेव्हा मी जागेवरून उठले नव्हते. तसलं काहीतरी त्या भिंतीपुढे ठेवावं, एवढंच मनात होतं.

दुकानही पुण्यातच सापडलं. समुद्रातून प्रवाळ काढणं गुन्हा आहे हे मला बातम्यांमुळे माहीत होतं. म्हणून दगड कृत्रिम घेतला आणि त्यावर लावायला टाकीतच वाढवलेले, तुकडे करून विकतात ते मऊ जातीचे प्रवाळ. दुकानदार त्यांना मशरूम म्हणत होता. ते टाकीतच वाढवलेत हे कशावरून, असं मी विचारलं. बिल मागितलं, मूळ कुठून आणले तेही विचारलं. तो काउंटरवर हात टेकून म्हणाला, ‘‘मॅडम, मासे घ्यायला आलात का धाड टाकायला?’’

त्याने बिल दिलं. मी ते दोनदा वाचलं.

आबा, म्हणजे सासरे, आमच्याकडे आले ते टाकीच्या थोडं आधी. मिरजगावपासून आत त्यांची वस्ती आहे. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहत होते. विहिरीजवळ मोटरच्या पेटीपाशी पाय घसरला आणि ते तिथेच पडून राहिले. दूध गोळा करणारा टेम्पो आला तेव्हा ड्रायव्हरने त्यांना पाहिलं. पायाला प्लास्टर लागलं, नवऱ्याने गाडी करून त्यांना नगरला आणलं. सोबत दोन वस्तू आल्या. एक कापडी पिशवी आणि एक तांब्याचा हंडा.

‘‘चार दिस ऱ्हातो,’’ ते दारातच म्हणाले.

पिशवी त्यांनी पलंगाखाली सरकवली. तिच्या तोंडाला गाठ होती. कपडे लागले की गाठ सोडायचे, कपडे काढायचे, पुन्हा गाठ मारायचे. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता. तो रिकामाच राहिला. प्लास्टर निघालं, काठी आली, तरी गाठ तशीच.

त्यांनी पुन्हा तिथे एकट्याने राहू नये, असं डॉक्टरांचं मत होतं आणि नवऱ्याचंही. पण ‘जाऊ नका’ असं बापाला सांगणं नवऱ्याला जमत नव्हतं. त्यांच्या घरात तशी पद्धत नाही. त्याऐवजी त्याने त्यांना काम दिलं. तो सुप्याच्या कारखान्यात आहे, पहिल्या पाळीला उजाडायच्या आत निघतो. मी उशिरा झोपते आणि उशिरा उठते. ‘‘आबा,’’ तो म्हणाला, ‘‘सकाळी टाकीत पाणी घालायला घरात माणूस नाही. तेवढं तुम्ही बघा.’’

त्या दिवसापासून ‘चार दिस’ हा शब्द ऐकू आला नाही. नवऱ्याने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, ‘‘टाकी आहे तोवर आबा आहेत. टाकी गेली की दुसऱ्या दिवशी ते स्टँडवर दिसतील. एवढं लक्षात ठेव.’’

मी लक्षात ठेवलं.

आमच्याकडे नळाला पाणी एकाआड एक दिवस येतं आणि बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरी पुटं चढतात. दोन्ही या टाकीला चालत नाहीत. म्हणून प्यायला येतो तोच फिल्टरच्या पाण्याचा जार वापरायचा, त्यात समुद्री मीठ विरघळवायचं, खारटपणा मोजायचा. मी पहिल्यांदा मीठ मिसळलं तेव्हा आबा खुर्ची ओढून समोर बसले.

‘‘ह्ये इकतचं पानी ना?’’

‘‘हो.’’

‘‘गोड?’’

‘‘हो, आबा.’’

‘‘आमच्याकडं खारं पानी लागलं म्हनून मानसं हीर बुजवून दुसरी पाडत्यात. आन तू गोड्यात मीठ कालवाया लागलीस.’’ ‘‘किती शिकली म्हनला हुता रं ही?’’ हा प्रश्न नवऱ्याला होता. नवरा मोबाईलमध्ये बघत राहिला.

पुढचे काही आठवडे टाकीत फक्त पाणी, वाळू आणि दगड होते. नव्या पाण्यात आधी डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वाढावे लागतात. ते झाल्याशिवाय मासा टाकला तर मरतो. मी रोज थेंब टाकून पाणी तपासायचे. आबा काचेला नाक लावून पाहायचे.

‘‘मासं कुठं हायत?’’

‘‘अजून नाहीत.’’

‘‘मंग काय पानी पाळलंय व्हय?’’

वस्तीवरून फोन आला की ते हे वाक्य तिकडेही सांगायचे. पलीकडून हसण्याचा आवाज मला टेबलापर्यंत यायचा.

त्यांचं काम सोपं होतं. उन्हाळा होता, टाकी थंड राहावी म्हणून तिच्यावर छोटा पंखा चालू असायचा. नगरच्या कोरड्या हवेत रोज तांब्या-दोन तांबे पाणी उडून जायचं. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. त्यासाठी स्वयंपाकघरात ओट्याखाली एक पांढरा प्लास्टिकचा कॅन ठेवला होता. मी तो जारमधून भरून ठेवायचे, आबा सकाळी त्यातलं पाणी टाकीत घालायचे. जार एकच. आम्ही दोघं त्यातलंच प्यायचो आणि आबांचा हंडाही त्यातूनच भरायचा.

आधी मासे आले, क्लाऊनफिशची जोडी. मग दगडावर मशरूम लागले. त्यानंतर एकाच खेपेत काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी आणि एक कोळंबी आली. कोळंबी लाल, पाठीवर पांढरा पट्टा, मिशा अंगापेक्षा लांब. ही जात माशांच्या अंगावरची घाण टिपून खाते. पाण्यात बोट धरलं तर बोटही साफ करते. मी आबांना ते दाखवलं. त्यांनी बोट बुडवलं. कोळंबी दगडावरून उतरली, बोटावर चढली आणि नखाच्या कडेचं कातडं टिपायला लागली.

‘‘आरं तिच्या!’’ आबांनी हात काढला नाही. ‘‘ह्यो तर न्हावी निघाला.’’

तेव्हापासून ती कोळंबी न्हावी झाली. ‘‘आज न्हाव्यानं दुकान उगडलं न्हाई,’’ असं ते मला दुपारी सांगायचे. कोळंबी कपारीत बसली असेल त्या दिवशी.

मग पहिली गोगलगाय मेली. काचेवरून सुटून वाळूत उलटी पडली होती. मी ती सरळ केली, संध्याकाळी ती पुन्हा उलटी होती आणि वास येत होता. काही दिवसांनी दुसरी गेली. मशरूम आक्रसले. आधी बशीसारखे पसरायचे, आता बटणाएवढे राहिले.

संशयाची सुरुवात मी लांबून केली. दुकानदाराने आजारी माल दिला असेल. पण मग मासे इतके खुशाल कसे? मिठाच्या पुड्यावरचं छापील लेबल मी भिंगातून पाहिलं. डुप्लिकेट असेल तर अक्षरं फाटलेली असतात, असं ऐकलं होतं. अक्षरं ठीक होती. जार आणणाऱ्याला विचारलं, प्लांटमध्ये पाण्यात औषध टाकता का. तो दारात जार खांद्यावर घेऊन उभा राहिला. ‘‘ताई, निम्मी सावेडी आमचं पाणी पिती. मेलंय का कोण?’’

माणूस कुणी मेलं नव्हतं.

याच सुमाराला मी आबांचं फोनवरचं बोलणं ऐकलं. दार अर्धं लोटलेलं होतं, मी कपडे वाळत घालायला जात होते. ‘‘व्हय, येतो,’’ ते म्हणत होते. ‘‘हितलं आटपत आलंय. एकडाव ह्ये निपटलं का मोकळा.’’

मी कपडे वाळत घातले. चिमटे लावले. मग आत येऊन टाकीसमोर बसले.

काय आटपत आलं होतं? टाकीतल्या गोगलगायी आटपत आल्या होत्या. जाण्याची इच्छा असलेला माणूस, त्याला इथे धरून ठेवणारी एकच गोष्ट, आणि त्या गोष्टीला एकांतात रोज हात लावायची मुभा. डेस्कवर अशी प्रत आली असती तर मी ती वार्ताहराकडे परत पाठवली असती. हेतू आहे, संधी आहे, पुरावा कुठे आहे, असा शेरा मारून.

पुरावा शोधताना एक गोष्ट लक्षात आली. ती खरं तर आधीच यायला हवी होती. ओट्याखालचा कॅन मला बऱ्याच दिवसांत भरावा लागला नव्हता.

मी काळ्या मार्करने कॅनवर पाण्याच्या पातळीला आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी उठल्यावर पाहिलं. टाकीत पाणी काठोकाठ होतं, म्हणजे भर घातली गेली होती. कॅनमधलं पाणी बरोबर रेघेवर होतं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही. टाकीत पाणी पडत होतं आणि ते कॅनमधलं नव्हतं. मग घरात दुसरं पाणी राहिलं नळाचं किंवा बोअरचं. असलं क्षारांचं आणि क्लोरिनचं पाणी या टाकीला चालत नाही हे मी आबांना दोनदा समजावून सांगितलं होतं. आणि त्यांनी दोन्ही वेळा ‘व्हय’ म्हटलं होतं.

मी नवऱ्याला सांगितलं. तो पाळीवरून येऊन बूट काढत होता.

‘‘आबा मारतायत, असं म्हणायचंय तुला?’’

‘‘मी म्हणत नाही. मी विचारतेय.’’

‘‘तुझं विचारणं म्हणजे छापून आल्यासारखंच असतं.’’ त्याने दुसरा बूट काढला. ‘‘त्यांना जायचं असेल तर ते उठतील आणि जातील. गोगलगायी कशाला मारतील?’’

‘‘तू जाऊ देशील?’’

त्याने बूट उचलून दाराआड ठेवले.

‘‘मग,’’ मी म्हटलं.

‘‘त्यांना काही बोलायचं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘एक शब्द नाही. खात्री होईपर्यंत.’’

ही अट मला मान्य होती.

आठवड्याच्या शेवटी कोळंबी मेली. कात टाकताना अर्ध्यात अडकून वाळूवर पडली होती, रंग गेलेला. आबा काठीवर हनुवटी टेकून खुर्चीत बसले होते. किती वेळापासून ते मला माहीत नाही. मी चिमट्याने ती काढली, कागदात गुंडाळली. त्यांनी विचारलं, ‘‘मेलाच का?’’

‘‘हो.’’

‘‘काय हुतंय ह्येंना?’’

मी त्यांच्याकडे पाहिलं. डेस्कवर असताना फोनवरच्या माणसाचा आवाज ऐकून तो खोटं बोलतोय का ते मला कळायचं, निदान असं मी समजत होते. आबांच्या आवाजातून काही कळलं नाही. दुपारी मी त्यांच्या खोलीत झाडू मारला आणि वाकून पलंगाखाली पाहिलं. पिशवी आधी भिंतीकडे असायची, आता पलंगाच्या कडेला आली होती. गाठ दुहेरी होती.

मी पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. बिल मागितल्यापासून तो मला ओळखत होता.

‘‘मासे कसे आहेत?’’ त्याने विचारलं.

‘‘ठणठणीत.’’

‘‘आणि गोगलगाय, कोळंबी, मशरूम? सगळे बिनहाडाचेच जातायत?’’

‘‘हो.’’

‘‘मग मॅडम, माझ्यावर केस करू नका. पाण्यात तांबं बघा. माशाला थोडं चालतं, यांना अजिबात नाही. कुठे वायर उघडी आहे का, पंपात काही आहे का, कुणी नाणं टाकलंय का देवाला टाकल्यासारखं. किट पाठवतो, तपासा.’’

किट आलं. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. टाकीचं पाणी फिकट निळं झालं. तांबं होतं.

बातमी छापताना कुठे बदलली हे शोधायचं असेल तर शेवटच्या पानापासून मागे मागे जात पहिल्या प्रतीपर्यंत पोचायचं, हे डेस्कवरचं साधं काम. मी तसंच केलं. आधी नळाचं पाणी तपासलं, कारण माझा संशय तिथे होता. रंग आला नाही. बोअरचं तपासलं. नाही. म्हणजे माझी अख्खी बातमी पडली. जारचं तपासलं, तेही स्वच्छ. मग उरला तो कॅन. रेघेपर्यंत भरलेला, कुणी हात न लावलेला. नळी टाकीच्या पाण्यापेक्षा गडद निळी झाली.

मी कॅन सिंकमध्ये पूर्ण रिकामा केला. आत नाणं नव्हतं, वायर नव्हती, काहीच नव्हतं. जारमध्ये तांबं नाही, जारमधून भरलेल्या कॅनमध्ये आहे. मधल्या मध्ये ते कुठेतरी शिरत होतं, आणि तो मधला वेळ मी झोपेत असतानाचा होता. मी जारमधून कॅन पुन्हा रेघेच्या थोडा खालपर्यंत भरला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना उठले.

स्वयंपाकघरात दिवा चालू होता. दार उघडं होतं. आबा काहीही लपवत नव्हते. ओट्यावर त्यांचा हंडा होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. त्यांनी हंड्यातून तांब्या भरला, भिंतीला टेकून घोट घोट पाणी प्यायले. मग काठी ओट्याला लावून ठेवली, एक हात टेकवत खाली बसले आणि हंड्यातलं पाणी मगाने कॅनमध्ये ओतायला लागले. थोडं ओतायचे, मान तिरकी करून रेघेकडे बघायचे, परत थोडं ओतायचे.

‘‘आबा, हे काय?’’

ते दचकले नाहीत. ‘‘उटलीस? आज सूर्व्य कुनीकडं उगवला?’’

‘‘हे काय करताय?’’

‘‘पानी भरतोय की.’’

‘‘हंड्यातलं का?’’

‘‘मंग?’’ त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘‘जारचं पानी निस्तं फिकं आसतंय. मशिनीतनं काढलेलं. त्याच्यात काय जीव आसतो व्हय? रातभर तांब्यात ठिवलं का मग त्याला सत्त्व येतं. मी त्येच पितो. म्हनलं, ह्येंनाबी त्येच द्यावं.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘न्हावी आला तवापसनं. माशांला काय, त्येंला कायबी चालतंय. ह्यो नाजूक. सकाळच्याला टाकीत वतायचं आन परत भरून ठिवायचं.’’

‘‘आणि ही रेघ?’’

‘‘ती तूच मारलीस ना?’’ ते माझ्याकडे बघायला लागले. ‘‘म्हनलं, सूनबाईनं मोजून दिलंय, हितपोत्तर पायजे. तू उटल्यावर तुला कमी दिसाया नको.’’

मी ओट्याशी टेकून उभी राहिले. चहाचं भांडं हाताशी होतं, ते गॅसवर ठेवलं. फोनवर ऐकलेल्या बोलण्याचं तेवढं बाकी होतं. आडवळण न घेता विचारलं, ‘‘आबा, मागे फोनवर म्हणालात, इथलं आटपत आलंय. काय आटपत आलंय?’’

‘‘पायाचा फोटो. डाक्टरनं आनखी एक काडाया सांगितलाय. त्यो निपटला का काठी सुटंल.’’ मग त्यांचा चेहरा बदलला. ‘‘तू कवा ऐकलं?’’

मी गॅस बारीक केला. चहा झाल्यावर त्यांना टेबलाशी बसवलं, दोन नळ्या समोर ठेवल्या, एकीत जारचं पाणी आणि एकीत हंड्याचं. दोन्हीत थेंब टाकले. एक पांढरी राहिली. दुसरी निळी होत गेली, सगळ्यात गडद. तांबं माणसाच्या पोटाला चालतं, हाड नसलेल्या या जिवांना चालत नाही, रोज थोडं थोडं साठत गेलं, असं सांगितलं. जेवढं लागतं तेवढंच बोलले.

आबांनी निळी नळी उजेडात धरली.

‘‘म्हंजी माज्याच हातनं.’’

‘‘हंड्यामुळे.’’

‘‘हंडा काय आपनहून चालत गेला व्हय?’’

त्या दिवशी ते टाकीकडे आले नाहीत. मी पाणी बदलायला घेतलं, फिल्टरमध्ये तांबं शोषणारी पिशवी टाकली. ते खोलीत बसून होते. नवऱ्याला संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘झाली खात्री?’’ मी हो म्हटलं. तो खोलीत गेला आणि बराच वेळ आत होता.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आबा घरात नव्हते. काठी नव्हती. ओट्यावर हंडा नव्हता. मोबाईल बंद.

मी पहिल्यांदा पलंगाखाली पाहिलं. पिशवी होती.

नवऱ्याला सुप्याला फोन केला. ‘‘पिशवी आहे ना? मग येतील.’’

‘‘घाईत विसरले असतील.’’

‘‘आबा पिशवी विसरतील?’’

‘‘वस्तीवर दुसरे कपडे आहेत. पिशवी मागे ठेवली की ते येणार असं समजून आपण गप्प बसतो. तेवढ्यात माणूस पोचतो.’’

पलीकडे थोडा वेळ मशीनचा आवाज येत राहिला. ‘‘तू जरा चहा पी,’’ तो म्हणाला.

दुपारी आबांचा फोन आला. मागे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. ‘‘हंडा वस्तीवर ठिवायला आल्तो! आज मुक्काम करतो हितं. पानी टाकलं का?’’

‘‘टाकते.’’

‘‘रेघंपोत्तर ठीव. जारचं. निस्तं जारचं!’’

मी टाकलं. टाकण्याआधी कॅनचं पाणी नळीत घेऊन तपासलं. घरात हंडा नव्हता, हे मला माहीत होतं. तरीही तपासलं.

रात्रभर ते तिथे एकटे होते. सकाळी नवऱ्याने पाळी बदलून घेतली आणि तो गाडी घेऊन निघायच्या तयारीत होता, तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. आबा जिन्याने वर आले, एका हाताने कठडा धरून. रिक्षावाला मागून त्यांची काठी आणि गवतात बसवलेला मातीचा नवा माठ घेऊन आला.

‘‘मिरजगावच्या बाजारातनं आनला,’’ ते धापा टाकत म्हणाले. ‘‘मातीला तर काय न्हाई ना?’’

मला ते माहीत नव्हतं. नव्या माठातून पाण्यात काय काय उतरतं हे मी कधी शोधलं नव्हतं. मी माठ धुतला, जारचं पाणी भरलं, संध्याकाळपर्यंत ठेवलं आणि किट काढलं. आबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

‘‘करा तपासनी,’’ ते नवऱ्याला म्हणाले, मला ऐकू जाईल असं. ‘‘बाई कुनाचं आसंच घेत न्हाईत.’’

तांबं नव्हतं. पण क्षार थोडे वाढलेले दिसले, आणि आणखी काय असेल ते माझ्या किटला कळणारं नव्हतं. मी म्हटलं, टाकीला जारचंच बरं.

‘‘बरं,’’ आबा म्हणाले. ‘‘ह्यातलं मी पितो मंग.’’

दगडावरचे मशरूम तेव्हा बटणाएवढेच होते. ते पुढे पसरले, पण एकदम नाही. गोगलगायींतली एक वाचली. काचेच्या कोपऱ्यात ती मुक्कामाला असायची आणि आबा रोज ती जागेवरून किती हलली ते मला सांगायचे. मी त्यावर विश्वास ठेवायचे आणि जाऊन बघायचे.

माठ तपासला त्या संध्याकाळी त्यावर झाकण नव्हतं. आबा खोलीत गेले, पलंगाखालून पिशवी ओढून काढल्याचा आवाज आला. ते एक जुना पंचा घेऊन बाहेर आले, त्याची दुहेरी घडी केली, ओली करून माठाच्या तोंडावर बसवली. मग सोफ्यावर बसून बातम्या लावल्या.

मी त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेले. पिशवी परत पलंगाखाली होती, तोंड मोकळं, गाठ न मारलेली. मी बाहेर आले, आणि थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून परत आत जाऊन पाहिलं.

गाठ नव्हती.